पोचवायला

शेखरला त्या कॅमेऱ्याचं नाव काढलं तरी डोकं उठायचं. बोटभर वस्तू, गाडीच्या काचेला आतून चिकटवलेली, पण तिनं त्याच्या नाकीनऊ आणले होते. दुपारचा चहा निवून गेला तरी तो सापगावच्या घरासमोर व्हॅनमध्ये बसून त्या टीचभर पडद्याशी भांडत होता.

कारणही तसंच होतं. मुरबाडच्या एका कारखान्याच्या कामगारांना सकाळी नेण्याचं आणि संध्याकाळी आणून सोडण्याचं कंत्राट त्याला मिळायच्या बेतात होतं. ते मिळालं की हायवेवर रात्रभर दुसऱ्याचा टेम्पो हाकणं सुटणार होतं, बायकोसोबत घरात जेवायला मिळणार होतं. पण तिथला वाहतुकीचं बघणारा साईनाथ अडून बसला होता. गाडीत रस्ता टिपणारा कॅमेरा हवाच अशी तिथली अट होती, आणि शेखरनं पाठवलेला नमुन्याचा व्हिडिओ त्यानं परत पाठवला होता. समोरच्या गाडीचा नंबर वाचता येत नाही, सगळं दूध सांडल्यासारखं दिसतं, उद्या संध्याकाळपर्यंत नीट करून पाठवा, नाहीतर दुसरा माणूस तयार आहे, असं त्यानं ऐकवलं होतं.

शहापूरचा दुकानदार म्हणाला, कॅमेऱ्याच्या आतला प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, अपडेट करा, चित्र आरशासारखं येईल. बोलायला काय जातं? फाइल उतरवली, कार्डात टाकली, काही झालं नाही. मग कळलं की फाइल फोल्डरमध्ये ठेवायची नाही, मोकळी ठेवायची. मोकळी ठेवली तर कॅमेरा म्हणाला, कार्ड आधी पुसून घ्या. पुसलं. अपडेट एकदाचा सुरू झाला, अर्ध्यावर आला, आणि बायकोनं, रेश्मानं, जेवायला हाक मारली म्हणून यानं सवयीनं चावी फिरवून गाडी बंद केली. सगळं मुसळ केरात! शेवटी तिसऱ्या खेपेला जमलं, तेव्हा पडद्यावरची अक्षरं चिनी झाली होती, तारीख मागच्या कुठल्यातरी वर्षात गेली होती, आणि त्यानं मुद्दाम बंद ठेवलेला माईक आपोआप चालू झाला होता. तो बंद कसा करायचा हे चिनी येणाऱ्यालाच ठाऊक. शेखरनं हात टेकले. मग भिंगावर बोट फिरवलं तर त्याच्या नखाला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा लागला. कॅमेरा घेतल्यापासून तो काढलाच नव्हता. ही गोष्ट मात्र त्यानं बायकोला सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी शेणव्याला जायचं होतं. रेश्माचे धाऊमामा वारले होते, आणि ती दुखवट्याला निघाली होती. शेखरनं म्हटलं, जाताजाता व्हिडिओही होईल. धाऊमामा मोठे मायाळू, डोक्यावर कायम पांढरी टोपी. पाहुणा कुणीही असो, त्याला पोचवायला रस्त्यापर्यंत येणारच. नको म्हटलं तर रागवायचे. एकदा तर बोलत बोलत पाहुण्यासोबत पार शहापूरच्या स्टँडवर गेले होते म्हणे.

मामी बाईजा ओट्यावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. उन्हं कलल्यावर शेखर निघाला, गाडीत बसला, आणि रेश्मा तोंड फुगवून मागच्या सीटवर जाऊन बसली. पुढं ये म्हटलं तरी आली नाही. घर येईपर्यंत शब्द नाही. दारात उतरल्यावर मात्र फुटली. मयताच्या घरातून निघताना कुणी ‘येतो’ म्हणतं का? तिथून न बोलता उठायचं असतं, एवढंही कळत नाही?

शेखर म्हणाला की मी तसं बोललोच नाही. ती म्हणाली बोललात. हा वाद चुलीपर्यंत गेला, चुलीपासून परत ओट्यावर आला. आधीच साईनाथचा घोर, त्यात हे. शेवटी तो वैतागून म्हणाला, थांब, तो मेला माईक चालूच होता, ऐकूनच घे.

ओट्यावर बसून दोघांनी मोबाइलवर व्हिडिओ लावला. चित्र खरंच सुरेख होतं. मामांच्या अंगणात रचलेल्या भाताच्या उडवीची काडी न् काडी दिसत होती. मग शेखरचाच आवाज आला.

“येतो हां, मामी.”

“बगा,” रेश्मा म्हणाली. “म्हनत होते ना मी...”

तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत मोबाइलमधून दुसरा आवाज आला. खोकला झालेल्या माणसाचा, जाडसर, अगदी माईकजवळचा.

“थांब रे जावई... पोचवाया येतो.”

त्यानंतर मागचं दार घसरत लागलं, ती रेश्मा. मग आणखी एक दार लागलं. घसरणारं नव्हे. पुढचं, डाव्या बाजूचं, धाडकन आपटून लावायचं दार.

रेश्मानं तोंडाला पदर लावला. मामांचा आवाज ती लहानपणापासून ऐकत होती, तिला विचारायची गरज नव्हती. शेखरला भीती वाटलीच. पण भीतीपेक्षाही त्याला संताप आला. इतक्या खटपटीनंतर एक धड व्हिडिओ निघाला, आणि तो असा! दिवस बुडत होता, दुसरा काढायला वेळ नव्हता. रेश्मा म्हणाली, नका पाठवू. तो म्हणाला, मग परत टेम्पोवर जाऊ? त्यानं अंगणाचा भाग कापला आणि पुढचा पाठवून दिला.

थोड्या वेळानं साईनाथचा फोन आला. एकदम पास, उद्या पहाटेपासून या, नंबर लांबून वाचता येतो. शेखरचा जीव भांड्यात पडला. फोन ठेवता ठेवता साईनाथ म्हणाला, “फक्त डॅशबोर्डवर काळं कापड टाका. शेजारी बसलेल्या बाबांची टोपी काचेत दिसते.”

पहाटे शेखर एकटाच निघाला. कंत्राटाची अट होती की गाडीतली कुठलीही धोक्याची सूचना वाजत राहिली तर काम बंद, कॅमेरा सगळं टिपतो. गाव मागं पडलं आणि शेजारच्या सीटच्या पट्ट्याची पिपाणी, पट्टा न लावता कुणी बसलं की वाजते ती, सुरू झाली. त्यानं सीटवर हात फिरवला. रिकामी होती, थंडगार होती. गाडी थांबवून त्यानं सीट बडवली, खालची वायर हलवली, देवाचं नाव घेतलं. पिपाणी चालूच. तशीच गाडी पुढं काढली. पुढच्या वळणावर कामगार उभे होते, त्यांच्या डब्यांच्या पिशव्या दिव्याच्या उजेडात दिसायला लागल्या.

शेखरनं नजर समोर ठेवली.

“मामा,” तो हळूच म्हणाला, “पट्टा लावा ना...”

खट्कन आवाज झाला आणि पिपाणी बंद पडली.

त्या वळणापर्यंत तो आणखी एकच वाक्य बोलला. “मामा... कुठवर पोचवनार तुमी?” त्याला काही ऐकू आलं नाही. पण माईक चालू होता. उत्तर मिळालं असेल तर ते त्या दिवशी काढून ठेवलेल्या कार्डात आहे, आणि कंत्राट सुरू होऊन महिना झाला तरी शेखरनं अजून ते लावून ऐकलेलं नाही.