छतावरचं तळं

“ऊठ! परत आलाय तो!” भोंगा खारूताईच्या कानाशी कुजबुजला.

भोंग्याचं कुजबुजणं म्हणजे चारचौघांचं ओरडणं. उगाच नाही त्याला घरात सगळे भोंगा म्हणत! त्याची मोठी बहीण दचकून उठली. ती जिथे पाय ठरेल तिथे चढायची, म्हणून तिचं नाव पडलं होतं खारूताई. तिने कान टवकारले.

टक्. टक्. खर्रर्र...

छतावर कोणीतरी चालत होतं.

बाहेर नुकतं फटफटत होतं. काकांची घरगाडी तलावाकाठी उभी होती. घरगाडी म्हणजे चाकांवरचं अख्खं घर! पुढे स्टिअरिंग, मधे ओटा आणि मागे पलंग. सुट्टी लागली तशी काका-काकूंनी आपली दोन मुलं आणि ही भावंडं त्यात कोंबली आणि थेट इथे येऊन मुक्काम ठोकला. पण आल्या दिवसापासून पहाटे हा आवाज यायचाच.

“चोर असेल,” भोंगा म्हणाला.

“चोर रोज येतो, फेऱ्या मारतो आणि हात हलवत परत जातो? काहीतरीच!” काकांचा मुलगा पांघरुणातून बोलला. तो उठता-बसता सगळ्यांना शिकवायचा, म्हणून त्याला मास्तर म्हणत.

“मग भूत!”

“भुताला म्हणावं, पाय पुसून ये. बाबांनी मागच्या आठवड्यातच छताला पांढऱ्या रबराचा नवा थर दिलाय.”

खारूताई हसली नाही. तिचं लक्ष मागच्या पलंगाकडे गेलं. तिथे काकांची धाकटी लेक, चिमणी, गाढ झोपली होती. तिच्या बरोबर डोक्यावर छतात एसी बसवलेला होता आणि त्याच्या कडेने तपकिरी डाग पसरला होता. काल तो बशीएवढा होता. आज चांगला ताटाएवढा झाला होता!

खारूताई गुपचूप बाहेर पडली आणि मागच्या शिडीवरून भराभर वर चढली.

काव! काव! पंख फडफडले, पाणी उडालं आणि चार-पाच कावळे तिच्या डोक्यावरून उडून गेले.

“कावळे आंघोळ करतायत!” ती खाली बघून म्हणाली. शिडीच्या पायथ्याशी मास्तर आणि भोंगा पोट धरून हसायला लागले. भुताची अगदी फजिती झाली होती.

पण खारूताईचं हसू अर्ध्यावरच थांबलं. “अरे, पण वर पाणी कुठून आलं? इतक्या दिवसांत पावसाचा टिपूस नाही!”

मास्तर तिच्यामागे शिडी चढला. एसीचं छतावरचं अवजड खोकं पांढऱ्या रबरी छतात किंचित कललं होतं आणि त्याच्या भोवती तळं साचलं होतं. “एसीतून पाणी ठिबकतं, ते बरोबर आहे. पण ते कडेने वाहून जायला हवं. साचलंय म्हणजे इथे छत खाली बसलंय!”

खारूताईने शिडीवरूनच हात लांब करून तळ्याच्या काठाला बोटाने दाबलं. वरून छत कसं नवं कोरं दिसत होतं! पण बोट आत गेलं. खालची लाकडी फळी भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी मऊ लागली. बोट काढलं तरी खळगा तसाच राहिला आणि रबराखालून कुजकट वास आला.

“वर जाऊ नकोस,” मास्तर एकदम हळू आवाजात म्हणाला. त्याचं उपदेश करणं कधी नव्हे ते कोणाला खटकलं नाही.

नाश्त्याच्या वेळी काका पलंगाशेजारच्या कपाटाशी झटापट करत होते. हातात रंधा होता आणि लाकडाचा भुसा चिमणीच्या उशीवर पडत होता.

“दार अडकतंय मेलं! परवा वरून तासलं, काल तासलं, आज पुन्हा अडकलं!”

मुलांनी एकमेकांकडे बघितलं. दार कसं वाढेल? छतच खाली येत होतं! आणि काका रोज दार छोटं करत होते!

“काका, दार नका तासू. छत खाली येतंय,” खारूताई म्हणाली. “वर एसीभोवती फळी कुजलीय. मी दाबून बघितलं.”

“कुजलीय? अगं, माझ्या या हातांनी तीन थर दिलेत! एसीभोवती तर डबाच पालथा केलाय. हत्ती नाचला तरी काही होणार नाही!”

“बाबा, थर देण्याआधी छत धुऊन, वाळवून, दाबून बघायचं असतं. डब्यावर तसं लिहिलंय,” मास्तर म्हणाला.

“डब्यावरचं वाचायला बसलो असतो, तर सुट्टी संपली असती! खारूताई, शंका काढणं पुरे. उद्या डोंगरावरच्या धबधब्याला जायचंय. रस्ता दगडधोंड्यांचा आहे, मजा येईल बघ!”

दगडधोंड्यांचा रस्ता! गाडी उसळणार, वर ते खोकं हिंदकळणार आणि खाली चिमणी झोपलेली असणार. काका खारूताईचे लाडके होते. झाडावर चढायला त्यांनीच शिकवलं होतं. पण त्यांच्यापुढे बोलायचं म्हणजे भिंतीशी बोलण्यासारखं! काकूही म्हणाल्या, “अगं, ते बघतील. तुम्ही खेळा जा.”

“बघतील म्हणे!” भोंगा बाहेर येऊन म्हणाला. “पडल्यावर?”

“आधी चिमणीला तिथून हलवायचं,” खारूताई म्हणाली. “मग पुढचं बघू.”

चिमणीला हलवणं सोपं होतं. झाडाखाली तंबू ठोकून भोंग्याने नुसतं म्हटलं, “हा राजवाडा. इथे फक्त राणीला दुपारी झोपायची परवानगी!” राणी बाहुली घेऊन धावतच आली. तंबूचा उरलेला एक जाड दांडा मुलांनी घरगाडीत नेला. पलंगाच्या कडेला जमिनीवर तो उभा करून त्यांनी एसीखाली घट्ट टेकवला. काही वेळाने खारूताई बघायला गेली, तर दांडा इतका आवळला होता, की हलता हलेना. वरून काहीतरी त्याला दाबत होतं.

दुपारी सगळीकडे सामसूम झाली. तलावावर वारा नव्हता. मुलं तंबूपाशी बसली होती. तेवढ्यात घरगाडीतून काकांचा आवाज आला.

“हा दांडका कोणी उभा केला इथे? माणसाने झोपायचं कसं?”

खारूताई ताडकन उठली. धावत दाराशी पोहोचते तो काय! काकांनी लाथ मारून दांडा पाडला होता आणि एसी चालू करून ते पलंगावर ऐसपैस पसरले होते.

करर्र...

“काका, उठा!”

“झोपू दे गं.”

करर्र... कट्! तपकिरी डागातून पाण्याचा थेंब काकांच्या पायावर पडला. त्यांनी पाय आखडून घेतला, डोळे काही उघडले नाहीत.

ओढून काढावं तर काका केवढे! छत पडेल म्हटलं तर ते हसणार. काय केलं म्हणजे काका उठतील? काकांना या जगात सगळ्यात जास्त जपावंसं काय वाटतं?

खारूताई बाहेर पळाली. “भोंग्या! ओरड! कावळे काकांचं पांढरं छत टोचून फाडतायत म्हणून ओरड!”

भोंग्याने छाती भरून श्वास घेतला.

“काकाऽऽ! कावळे! छत फाडलं होऽऽ!”

तलावापलीकडचे लोकसुद्धा वळून बघायला लागले! काका अंथरुणातून उडालेच. “माझं छत!” करत ते अनवाणी बाहेर आले. दाराशी पडलेली काठी उचलून तरातरा शिडी चढले. वर खरंच दोन कावळे पाणी पीत बसले होते.

“पायरीवरच थांबा, काका! वर पाय ठेवू नका!” खारूताई ओरडली.

“हाट! हाट रे!” काकांनी शिडीवरूनच छतावर काठी आपटली.

धप्प!

क्षणभर काहीच झालं नाही. मग एसीचं खोकं एका कुशीवर कललं, पांढरं रबर ताणलं गेलं, टर्रकन फाटलं आणि खोकं दिसेनासं झालं. आत प्रचंड आवाज झाला. गाडी गदगदा हलली. कावळे ओरडत उडाले.

काका शिडीला घट्ट धरून भोकातून खाली बघत राहिले. पलंग मधोमध मोडला होता. खोकं उशीवर पडलं होतं. तीच उशी, जिथे मघाशी त्यांचं डोकं होतं आणि सकाळी चिमणीचं.

ते खाली उतरले. “चिमणी कुठाय?” एवढंच त्यांनी विचारलं. तंबूतून चिमणी डोळे चोळत बाहेर आली. काकांनी तिला उचलून छातीशी धरलं आणि भरल्या डोळ्यांनी खारूताईकडे बघितलं.

“कावळ्यांनी काही फाडलं नव्हतं ना?”

“नाही काका. खोटं बोलले. माफ करा.”

“माफी कसली मागतेस! मला दहादा सांगितलंत तुम्ही आणि मी कपाटाचं दार तासत बसलो!”

“पोरांनो, आज तुम्ही होतात म्हणून!” काकूंनी तिघांनाही जवळ घेतलं. “आणि मीही म्हणाले, ते बघतील! यापुढे तुम्ही बोलाल ते मी आधी ऐकणार.”

धबधबा राहिलाच. पुढचे दिवस काळी पडलेली फळी कापून काढण्यात, छत उन्हात वाळवण्यात आणि नव्या फळ्या ठोकण्यात गेले. शेवटी पांढऱ्या रबराचा डबा आला. भोंगा रबर फासायचा रोलर हातात घेऊन नाचायला लागला, पण काकांनी झाकण उघडलं नाही.

“खारूताई, वर जा. फळ्यांवरूनच सरक, दोरी कमरेला बांध. सगळीकडे दाबून बघ. तू हो म्हणशील तेव्हाच डबा उघडेल.”

खारूताई पोटावर सरकत इंच इंच दाबत गेली. सगळं टणक लागत होतं. अगदी पुढच्या कोपऱ्यात ती थांबली, पुन्हा दाबलं आणि मान हलवली.

“काका, इथे थोडं मऊ आहे.”

एवढासाच तो कोपरा, जुन्या थरामुळे वरून छान पांढरा दिसणारा! सगळे काकांच्या तोंडाकडे बघायला लागले. काकांनी डबा बाजूला ठेवला आणि करवत घेऊन शिडी चढायला लागले.