मागे वळून पाहू नका

छातीत दुखलं म्हणून भरती केलेल्या श्रीपादरावांना उद्या घरी सोडणार होते. त्यामुळे दुपारी खिचडीचा डबा घेऊन निघालेल्या विनोदिनीबाई अगदी खुशीत होत्या. पर्समध्ये शिप्रा नदीच्या रामघाटावरच्या पाण्याची छोटी बाटली होतीच. आजाऱ्याकडे जाताना असलं काही नेऊ नये, असं लेक मधुरा सांगायची. पण बाई ऐकतील तर शपथ!

वॉर्डात नवऱ्याच्या खाटेभोवती पडदा ओढलेला होता. आत डॉक्टर छाती दाबत होते. बरगडी मोडल्याचा आवाज बाईंनी बाहेरून ऐकला.

बऱ्याच वेळानं डॉक्टर घाम पुसत बाहेर आले. "माताजी, बहुत कोशिश की..."

बाईंनी घरच्या रितीप्रमाणे नवऱ्याच्या तोंडात शिप्रेचं पाणी घातलं. सासूबाई म्हणायच्या तसंच कानाशी वाकून म्हणाल्या, "सुखानं जा. मागे वळून पाहू नका."

आणि मॉनिटरवरची सपाट रेघ हलली.

सगळ्यांची धावपळ उडाली. धावत पोहोचलेली मधुरा आनंदानं रडायला लागली. डॉक्टर मात्र हळूच म्हणाले, "ऐसे में बहुत कम लोग घर लौटते हैं. और जो लौटते हैं, वो भी पूरे..." पुढचं त्यांनी गिळलं.

श्रीपादराव माधवनगरच्या घरी परतले. जेवत, मधुराशी दोन शब्द बोलत. बायकोकडे मात्र कायम पाठ. त्या खिडकीकडे गेल्या की ते भिंतीकडे वळत.

"बाबा रुसलेत वाटतं तुझ्यावर," मधुरा हसून म्हणायची. बाईंचा जीव तुटायचा. त्यांना फक्त एकदा नवऱ्याची नजर हवी होती. खोलीत ओल्या गाळाचा वास येऊ लागला होता. कितीही पुसलं तरी जात नव्हता.

एका दुपारी मधुरा औषधं आणायला टावर चौकात गेली. बाई खाटेशी बसल्या आणि त्यांना रडू फुटलं.

"अहो, चुकलं माझं. फार घाई केली मी. एकदा तरी बघा ना माझ्याकडे..."

खाटेवरची पाठ हलली नाही.

"बघतोय की, विनू..." श्रीपादरावांचाच आवाज. "त्या दिवसापासून बघतोय. तूच वळत नाहीस..."

आवाज बाईंच्या मागून, दारातून आला होता.

त्यांनी खाटेकडे बोट केलं. "मग... हे कोण?"

आणि खाटेवरची ती पाठ, घरी आल्यापासून पहिल्यांदाच, सावकाश त्यांच्याकडे वळू लागली.