नॉब नसलेला स्ट्रीमर

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण ही गोष्ट ऐकीव नाही. ज्याच्यासमोर घडली तो माझा मावसभाऊ आहे, आणि तो थापा मारणाऱ्यातला नाही.

घरोघरी जाऊन स्टिरिओ जोडून देणं हा त्याचा धंदा. खिशात कायम वायरींची गुंडाळी, म्हणून आम्ही सगळे त्याला वायरदादा म्हणतो. भुताखेतांचा विषय निघाला की सगळ्यात आधी हाच दात काढायचा.

आता काढत नाही.

रात्र-बित्र काही नव्हती. रविवार होता, दुपारचे तीन. बाहेर रखरखीत ऊन, आणि खाली कोणीतरी गाडी धूत होतं. चौथ्या मजल्यावरचा साधा फ्लॅट.

दार मुलीने उघडलं. मुलगी म्हणजे पस्तिशीची बाई, बँकेत नोकरीला. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. बाबा एकटेच राहायचे, म्हणून तिला त्यांना स्ट्रीमर भेट द्यायचा होता. इंटरनेटवरून गाणी ओढून जुन्या स्टिरिओला पुरवणारा डबा, एवढंच ते.

वायरदादाने दोन आणले होते. एकाला मोठा नॉब आणि रिमोट. दुसरा नुसता गुळगुळीत डबा, आवाजसुद्धा फोनवरूनच कमी-जास्त करायचा.

"नॉबवालाच द्या दादा," ती हळू आवाजात म्हणाली. "बाबांना फोनचं जमत नाही. आणि कानही गेलेत त्यांचे. आई बाथरूममध्ये पडली ना, तेव्हाही त्यांना..."

तेवढ्यात बाबा हॉलमध्ये आले.

नंतर बाबा चहा करायला आत गेले तेव्हा तिने सगळं सांगून टाकलं. आई घसरली, खुबा मोडला. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर दोन तास तरी ती जिवंत होती. हातात प्लास्टिकचा मग होता. तो फरशीवर इतका आपटला होता की त्याची कड फुटली.

बाबा या हॉलमध्येच बसून गाणी ऐकत होते. दहा पावलांवर.

"काय करणार, त्यांना ऐकूच आलं नाही," ती म्हणाली. "मग मीच त्यांना कानाचं मशीन आणून दिलं."

बाबा चहा घेऊन आले. वायरदादा त्यांना काका म्हणत होता. कानामागे मशीन होतं. आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेलं. माणूस बोलका आणि स्वतःवर भलताच खूश. त्यांची खुर्ची दोन उंच स्पीकरच्या बरोबर मध्ये होती. तिथून ते सहसा उठत नसावेत, कारण गादीला त्यांच्या आकाराचा खड्डा पडला होता.

वायरदादाने नॉबवाला स्ट्रीमर लावला. जोडणीचे दोन मार्ग होते. एक लाल-पांढऱ्या पिनांची वायर, दुसरी ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशावर चालणारी बारीक वायर.

"कुठली चांगली?" मुलीने विचारलं.

"खरं सांगू? शंभरातल्या नव्व्याण्णव लोकांना फरक कळत नाही."

झालं! काकांना ते झोंबलं.

"लाव," ते म्हणाले. "मी डोळे मिटतो. तू वायरी बदल, मी सांगतो कुठली ते."

आणि त्यांनी कानाचं मशीन काढून टेबलावर ठेवलं.

"बाबा, अहो, ते कशाला काढताय?"

"त्याने सूर बिघडतो गं."

वायरदादाने पाच वेळा वायर बदलली.

काकांनी पाचही वेळा बरोबर ओळखलं.

"ऑप्टिकलमध्ये मागचा तंबोरा जरा पातळ होतो," ते डोळे न उघडता म्हणाले. "आणि तिसऱ्या वेळी गायिकेने श्वास घेतला, तोही ऐकला मी. कान तयार लागतात बाबा!"

वायरदादा दिलखुलास हसला. मग त्याचं लक्ष मुलीकडे गेलं.

ती वडिलांकडे बघत नव्हती. टेबलावरच्या मशीनकडे बघत होती. हातातली बशी तिने खाली ठेवली.

वायरदादाच्याही डोक्यात प्रकाश पडला, पण त्याने कानाडोळा केला. गिऱ्हाइकाच्या घरच्या भानगडीत आपण कशाला पडायचं? त्याला वाटलं, शेवटचं काम उरकावं आणि सटकावं.

शेवटचं काम म्हणजे शांतता ऐकणं. तो प्रत्येक घरात हे करतो. गाणं बंद करायचं, आवाज पूर्ण वर न्यायचा आणि स्पीकरला कान लावायचा. वायरीत खोट असेल तर घूं... असा आवाज येतो.

त्याने गाणं बंद केलं. आवाज पूर्ण वर नेला.

घूं नव्हतं. बारीकशी सळसळ फक्त.

आणि मग...

टक्. टक्. टक्.

वायर सैल असेल. त्याने पिना दाबल्या.

थोडा वेळ काही नाही... मग पुन्हा. टक्. टक्. टक्.

त्याने ती वायर काढून ऑप्टिकल लावली. आवाज आणखी स्वच्छ आला. पोकळ काहीतरी फरशीवर आपटत होतं. दोन आपटण्यांच्या मध्ये कोणीतरी दम घेत होतं.

"काका, तुम्हाला येतंय का ऐकू?"

"नाही बुवा," काका म्हणाले. त्यांनी घाईघाईने मशीन कानाला लावलं. "मला काही ऐकू येत नाही."

वायरदादाने ऑप्टिकलही उपटली. आता स्पीकरला पुरवठा करणारं काहीच नव्हतं. वायरीचं टोक त्याच्या हातात होतं.

टक्. टक्.

या वेळी बारीक तडकल्यासारखं झालं. कड फुटावी तसं.

नंतर सगळं थांबलं. खालचा गाडी धुण्याचा आवाजही येईना.

मग उजव्या स्पीकरमधून, अगदी थकलेल्या आवाजात, एक बाई म्हणाली...

"अहो..."

आणि काका ताडकन बोलले. विचार न करता, नेहमीच्या सवयीने, जरासे वैतागूनच...

"आलो गं! एवढं संपू दे!"

गाणं कुठलंच चालू नव्हतं.

काकांचं तोंड उघडंच राहिलं. बोललेलं परत घेता येत नाही हे त्यांना कळलं होतं. वायरदादा सांगतो, त्याला स्पीकरची भीती नंतर वाटली. आधी भीती वाटली ती मुलीची. कारण ती रडली नाही, ओरडली नाही.

ती फक्त बाथरूमच्या दाराकडे गेली. तिथून खुर्चीपर्यंत चालत आली. पावलं मोजत.

"दहा," ती म्हणाली.

"बाळा, ऐक माझं... मला वाटलं, टॉवेल मागत असेल... मला काय माहीत..."

"दोन तास, बाबा?"



ती वायरदादाकडे वळली. बँकेत फॉर्म मागावा इतक्या शांतपणे बोलली.

"दादा, नॉबवाला परत न्या. दुसरा लावा. ताबा माझ्या फोनवर द्या."

तिने स्टिरिओच्या अ‍ॅम्प्लिफायरवरचा आवाजाचा नॉब धरला, पूर्ण वर फिरवला आणि उपटून पर्समध्ये टाकला.

वायरदादाने नाही म्हणायला हवं होतं. तो आजही हे कबूल करतो. पण त्याला तिथून सुटायचं होतं. त्याने मुकाट्याने डबा बसवला, तिच्या फोनवर जोडला, आणि चाचणीसाठी स्वतःच्या फोनवरही. दोघं एकदमच बाहेर पडले. दार ओढताना आतून ऐकू आलं...

टक्. टक्. टक्.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं.

महिन्याभराने वायरदादा फोनवरच्या स्ट्रीमरच्या अ‍ॅपमधून जुन्या गिऱ्हाइकांची घरं काढून टाकत होता. त्या घराचं नाव अजून यादीत होतं. स्ट्रीमर चालू. आवाज पूर्ण. गाण्याच्या नावाची जागा रिकामी.

त्याला काकांची दया आली. त्याने बोटाने आवाज शून्यावर आणला.

आकडा आपोआप वर चढला. हळूहळू. पूर्ण होईपर्यंत.

त्याने पुन्हा शून्य केलं. पुन्हा तेच.

त्याने मुलीला फोन लावला. "ताई, आता पुरे करा. म्हातारा माणूस आहे तो."

"मी काय करतेय?" ती म्हणाली. "मी ते अ‍ॅप त्याच संध्याकाळी काढून टाकलं. आणि बाबांनी स्पीकरच्या वायरी त्याच रात्री कात्रीने कापल्यात. डबा तर केव्हाच कचऱ्यात गेला."



"मग... काकांना ते अजून..."

"रोज तीनला फोन येतो त्यांचा. रडतात. म्हणतात, ये आणि आवाज कमी कर."

"आणि तुम्ही?"



"मी म्हणते, आले बाबा. एवढं संपू दे."

वायरदादाने शांतता ऐकणं सोडलंय. काम झालं की गाणं चालू ठेवूनच तो बाहेर पडतो. ते घर मात्र त्याच्या यादीतून पुसलं जात नाही. परवा त्याने मला फोन दाखवला. मी स्वतः पाहिलं.

स्ट्रीमर चालू होता. आवाज पूर्ण. घड्याळात तीन वाजून चार मिनिटं झाली होती.