हरेश्वरकाकाच्या होडीचा पाइप

ही गोष्ट खोटी वाटली तर वाटू द्या. मी पदरचं काही घातलेलं नाही. ज्याच्यावर बेतली तो कृणाल माझा सख्खा मावसभाऊ, आणि ती गाडी आजही त्याच्या दारात उभी आहे.

बोरिवलीला, गोराईच्या खाडीलगतच्या कोळीवाड्यात तो राहतो. दोन वर्षांपूर्वीचा मार्च. रविवार. दिवस मावळत आला होता...

कृणालच्या बायकोला, हेमांगीला, नववा महिना लागला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, कधीही निघावं लागेल, गाडी तयार ठेवा. आणि गाडी तर महिनाभर धक्के खात होती.

नितेशचं गॅरेज नाक्यावरच आहे. पण गाडी दुसऱ्याच्या हातात देईल तो कृणाल कसला! बाप-आज्याने भर समुद्रात होडीची इंजिनं खोलून जोडली, आणि याने गॅरेजची पायरी चढायची? मोबाइलवर चार व्हिडिओ बघितले आणि साहेब अर्ध्या हळकुंडाने पिवळे झाले.

नवे प्लग टाकले. थ्रॉटल साफ केला. इंजिनाला लागलेला एक बारीक रबरी पाइप खराब झाला होता, तोही काढून टाकला. आता दुसरा पाइप कुठून आणायचा? दुकानं बंद.

मग त्याला घरामागची होडी आठवली.

तिवरांच्या कडेला, चिखलात रुतून पडलेली. हरेश्वरकाकाची.

हरेश्वर म्हणजे कृणालचा चुलता. माणूस वाईट होता. गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण मी बोलणार. सख्ख्या भावाला कधी जाळं दिलं नाही, पोरांना होडीला टेकू दिलं नाही. "माझं घेशील तर तुझं नेईन," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

एका सकाळी त्याची होडी खाडीतून एकटीच परत आली.

इंजिन चालू होतं... काका नव्हता.

प्रेतसुद्धा मिळालं नाही. तेव्हापासून त्यांच्या घरात रीतच पडली, त्या होडीचा खिळाही काढायचा नाही. कृष्णाबाई, म्हणजे कृणालची आई, तिकडे बघतसुद्धा नसे.

कृणालने त्या होडीच्या इंजिनाचा पाइप वीतभर कापून आणला आणि गाडीला बसवला. रबर ते रबर, त्यात काय एवढं, असं त्याला वाटलं.

किल्ली फिरवली.

गाडी चालू झाली, पण आधीपेक्षा जास्त थरथरत होती. बॉनेट हलत होतं. मधेच एक ठोका चुकत होता...

तीन सिलिंडरची पेट्रोल गाडी. कुठला सिलिंडर झोपलाय हे शोधायची सोपी रीत असते. इंजिन चालू ठेवायचं आणि एकेका प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलचं सॉकेट काढून बघायचं. इंजिन आणखी बसलं, तर तो सिलिंडर चांगला. फरक पडला नाही, तर तोच मेलेला.

त्याने पहिलं सॉकेट काढलं. काही फरक नाही.

सापडला, असं म्हणून त्याने ते परत लावलं. खात्रीसाठी दुसरं काढलं.

फरक नाही.

तिसरं काढलं...

फरक नाही.

तिन्ही मेलेले, मग इंजिन चालतंय कशावर?

आता मात्र त्याचा हात थबकला. त्याच वेळी त्याच्या लक्षात आलं की आजूबाजूला एकही मांजर नाही. समोर बोंबील वाळत होते, आणि एकही मांजर नाही.

त्याने तिन्ही सॉकेटं एकदम काढून ठेवली. इंजिन बंद पडायलाच हवं होतं.

ते बंद पडलं नाही.

उलट थरथर थांबली. आवाज जाड झाला, संथ झाला...

टक्... टक्... टक्... टक्...

एका सिलिंडरच्या होडीचा आवाज. कोळ्याच्या पोराला तो ओळखायला शिकवावा लागत नाही.

कृणालने किल्ली काढून खिशात टाकली. इंजिन चालूच. पेट्रोलच्या गाडीतून डिझेलचा धूर येत होता. आणि तो वीतभर पाइप... आत ओढला जात होता, फुगत होता, परत ओढला जात होता. छाती हलावी तसा.

तो भयंकर घाबरला. दोन्ही हातांनी पाइप धरून त्याने हिसडा मारला.

पाइप सुटला. इंजिन गप्प झालं.

त्याला हायसं वाटलं. फार तर दोन श्वास घेतले असतील...

"कृणाल," हेमांगी ओटीवरून हाक मारत होती. दोन्ही हात पोटावर. "बाळ हलत नाहीये रे. आत्ता लाथा मारत होतं. एकदम थांबलं."

तिच्यामागून कृष्णाबाई बाहेर आली. तिने मुलाच्या हातातला पाइप पाहिला आणि होडीचा म्हणून लगेच ओळखला.

"तुना सांगला होता ना," एवढंच आधी म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "लाव तो. जिथं होता तिथं परत लाव."

घाईत कृणालच्या हातून पाइप दोनदा निसटला. शेवटी बसला.

किल्ली अजून त्याच्या खिशातच होती.

टक्... टक्... टक्...

"हललं," हेमांगी रडत म्हणाली.

रिक्षा शोधत बसायची हिंमत कुणात उरली नव्हती. ते त्याच गाडीतून निघाले. सॉकेटं सुटलेलीच होती. सासू-सून मागे बसल्या. पुढची सीट रिकामी होती...

पण दबलेली होती. वर ओल उमटली होती.

प्रत्येक वळणावर स्टिअरिंग खाडीच्या बाजूला ओढलं जात होतं. कृणालने हॉस्पिटलपर्यंत गाडी कशी आणली, हे त्यालाच सांगता येत नाही. दारात पोहोचल्यावर इंजिन आपोआप थांबलं. त्याने हेमांगीकडे वळून बघितलं. तिने मान हलवली, बाळ हलतंय.

ऑपरेशन झालं. मुलगी झाली. नेत्रा.

दुसऱ्या दिवशी कृणाल नारळ घेऊन होडीकडे गेला. काकाची माफी मागायची, पाइप परत कसा द्यायचा ते विचारायचं, असं त्याच्या मनात होतं.

होडी तिथे नव्हती. चिखलावर साधा ओरखडा नव्हता. कुणी ओढून नेताना पाहिलीही नव्हती.

बारशानंतर नितेश भेटायला आला होता. गाडी बघून त्याच्यातला मेकॅनिक जागा झाला आणि कुणाला न विचारता त्याने बॉनेट उघडून पाइप जरा सैल केला. घरात पाळण्यातल्या पोरीचा श्वास अडकला. ओठ निळे पडले. हेमांगीच्या किंकाळीने दचकून नितेशच्या हातून पाइप परत दाबला गेला, म्हणून ती वाचली.

तेव्हापासून बॉनेटला कुलूप आहे. वर ताडपत्री, ताडपत्रीवर ओली गोणपाटं. ऊन लागू नये म्हणून. कृणाल रोज सकाळी एकदाच उघडून बघतो, हात न लावता.

नेत्रा आता अंगणभर पळते. मला काका म्हणते. तिला उचलून घेतलं की माझी नजर त्या गाडीकडे जाते.

परवा कृणालचा फोन आला होता. म्हणाला, पाइपवर एक बारीक चीर दिसतेय.

रबर किती दिवस टिकतं, तुमच्यापैकी कुणाला ठाऊक आहे का?