लक्षात ठेवण्याची परवानगी

शनिवारी ऋतुजा काउंटरवर एकटीच होती. हेल्मेट न काढताच एक तरुण आत आला आणि त्याने मोबाइल तिच्यापुढे धरला.

“तुमच्या दुकानाची वेबसाइट रोज विचारते, तुमची माहिती साठवू का? मी रोज नाही म्हणतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच!”

वेबसाइट ऋतुजानेच बनवली होती. बुधवार पेठेत वायर आणि फ्यूज विकणाऱ्या दुकानाला ती कशाला हवी, हे तिच्या बाबांना अजून कळलं नव्हतं.

“तुम्ही नाही म्हणालात हे लक्षात ठेवायचं, तर तुमची माहिती साठवावी लागेल,” ती शांतपणे म्हणाली. “आणि ती तर तुम्हाला नकोय.”

हेल्मेट निघालं. आत डोळे होते… बरे होते.

“मॅडम, माझं कामच हे आहे. हिंजवडीत बसून कंपन्यांना सांगतो, गिऱ्हाइकाची माहिती विचारल्याशिवाय ठेवू नका. पण नुसता नकार लक्षात ठेवलेला कायद्याला चालतो.”

“कायदा हिंजवडीपर्यंत आला असेल. इथे त्याला पार्किंग मिळालं नसेल.”

तो हसला. दत्तप्रसाद, मूळचा यवतमाळचा. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून त्याने काचेचा एक फ्यूज घेतला.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा हजर. ऋतुजाने कोऱ्या चेहऱ्याने विचारलं, “आपण कोण?”

“अहो, मागच्या शनिवारी—”

“आपण नाही म्हणाला होतात ना? पुसून टाकलं.”

त्याला हे भलतंच आवडलं. मग दर शनिवारी दीड तास ट्रॅफिक तुडवत तो येई, नव्याने ओळख करून देई आणि एक फ्यूज नेई. एकदा त्याने ‘वाघांचा दंतवैद्य’ अशी ओळख सांगितली.

“बरं. फ्यूजच ना?” ती म्हणाली.

नवव्या शनिवारी मात्र तो हसत नव्हता.

“आपण कोण?”

“मला बंगळुरूला पाठवतायत. सोमवारी होकार कळवायचाय.” तो अडखळला… “इथे कुणाच्या लक्षात राहणार असेन, तर नाही म्हणेन. पण तुम्ही तर दर आठवड्याला—” त्याने हेल्मेट उचललं.

खेळ अंगाशी आला होता.

“दत्तप्रसाद!” ती ओरडलीच. “चहात साखर नको. गाडीच्या डाव्या आरशाला तडा. आईचा फोन आला की ‘हो माय’. थाप मारताना कान खाजवता… वाघांच्या वेळी दोन्ही खाजवलेत!”

तो सावकाश वळला. “हे सगळं मला न विचारता साठवलंत?”

“हो. करा तक्रार.”

“आणि किती काळ ठेवणार? ते सांगावं लागतं.”

तिने खण उघडला. आत कागदाच्या पुड्या होत्या. प्रत्येकीत एक फ्यूज, प्रत्येकीवर त्याचं नाव आणि आजपासूनच्या एकेका शनिवारची तारीख. थेट दिवाळीपर्यंत.

“दिवाळीनंतरच्या बांधायच्या राहिल्यात,” ती पुटपुटली. “माल संपला.”

“माझ्या खोलीत हा फ्यूज बसेल अशी एकही वस्तू नाही…”

“ठाऊक आहे. अँपिअर कधी सांगितला नाहीत.”

“मग बंगळुरूला ‘नाही’ असं कळवतो.”

“ते पुन्हा विचारतील.”

“विचारू देत. रोज नाही म्हणायची सवय आहे मला.”

त्याने आजची पुडी खिशात टाकली, मोबाइल काढला, दुकानाची वेबसाइट उघडली आणि तिच्या डोळ्यांदेखत ‘हो’वर बोट ठेवलं.