रेंगाळणारा लॅपटॉप

पलीकडचं मोठं दुकान बंद होतं, म्हणून ती लॅपटॉप घेऊन त्याच्या छोट्या दुरुस्तीच्या दुकानात आली. तसं तिने आत येताच सांगूनही टाकलं.

"तिकडे कुणी नाही. तुम्हाला जमेल?"

"बघू. काय होतंय?"

"सुरू व्हायला जीव खातो, आणि बंद व्हायला त्याहून जास्त. निघते निघते म्हणत दारात तासभर बोलणारी माझी मावशी आहे ना, अगदी तसा."

दुरुस्तीवाला हसला. लॅपटॉप चांगले जड असायचे, तेव्हाची ही गोष्ट. ती भाषांतरं करायची. शब्दकोश, खेळ, गाणी, मिळेल ते तिने त्यात भरलं होतं. लॅपटॉप लावला की सगळे प्रोग्रॅम एकदम जागे होत आणि बंद करताना एकही हलत नसे. तिला शेजारी बसवून त्याने दाखवलं, आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम कसे थांबवायचे ते.

"आता परत यायला नको," तो म्हणाला... आणि उगाच बोललो असं त्याला वाटलं.

पण ती आली. पुन्हा आली. पडद्यावरचं चक्र फिरत राही, तेवढ्यात तिच्या वडिलांचं घोरणं, त्याच्या वहिनीचे टोमणे, सगळं बोलून होई. आपलंच काम कच्चं, असं समजून तो दरवेळी आतले भाग नव्याने तपासायचा; थांबवलेले प्रोग्रॅम परत बघायचं त्याला सुचलंच नाही.

एक दिवस ती म्हणाली, "ही शेवटची खेप. ऑफिस नवा लॅपटॉप देतंय."

या वेळी तो प्रोग्रॅमची यादी उघडून बघतो, तर त्याने थांबवलेले सगळे प्रोग्रॅम पुन्हा चालू. ती कधीच न खेळलेले खेळसुद्धा.

"हे कुणी चालू केले?"

ती रस्त्याकडे बघत राहिली. "तुम्हीच शिकवलंत की."

"मी थांबवायला शिकवलं होतं."

"हं... मी जरा उलटं केलं." मग हळूच – "नव्यात काय बिघडणार? यायला निमित्त कुठून आणू?"

आज गप्प बसलो तर ही गेली, एवढं त्याला कळत होतं.

"निमित्ताशिवाय या ना. म्हणजे... तुम्ही आलात की मला बरं वाटतं. रोज या."

"रोज? कंटाळाल."

"कंटाळवून बघा."

तिने स्वतःच लॅपटॉप बंद करायचं बटण दाबलं. चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं, मग पडदा काळा झाला. ती उठली नाही. त्यानेही दुसरं काम हातात घेतलं नाही.