नाल्यापलीकडची काजळी

तिघे गवत शोधायला निघाले, असं गावाला सांगितलं होतं आणि ते खरंही होतं. १९०८च्या उन्हाळ्यात नवेगाव बांधाकाठचं गवत संपलं, जवळचं जंगल सरकारनं चराईला बंद केलं. गावाची गुरं राखणाऱ्या पुनारामनं मग डोंगरापलीकडचं कुरण गाठायचं ठरवलं. पण त्याचा जीव अडकला होता काजळीत! त्याची ही लाडकी म्हैस दोन वर्षांपूर्वी रानरेड्यामागे निघून गेली, ती गेलीच. धार काढायच्या वेळी त्याला अजून चुकल्यासारखं होई.

वाट दाखवायला सुकराम गोंड होता. तिसरा छोटेलाल, गोंदियाचा गुरांचा व्यापारी. बोलण्यात शूर, चढणीवर मात्र दर दहा पावलांना बसणारा.

पहिल्याच दिवशी दगड निसटला आणि पाण्याचा भोपळा फुटला. दुसऱ्या दिवशी झरा कोरडा निघाला. अस्वलानं उकरलेल्या वाळूत सुकरामनं हातभर खोल खणलं, तेव्हा कुठे ओंजळभर गढूळ पाणी मिळालं. छोटेलालनं परत फिरायचा धोशा लावला. पुनाराम ऐकेना.

तिसऱ्या दिवशी खिंडीतून दरी दिसली. मधून नाला, दोन्ही अंगांना कमरेएवढं गवत, पलीकडे डोह! आणि लाकडी घंटा वाजली. पुनारामनं स्वतः कोरलेली, काजळीच्या गळ्यातली! तो भान विसरून धावला आणि नाला ओलांडून गेला.

गवत हललं. रानरेडा! छोटेलाल सरसर झाडावर चढला. रेड्यानं मान खाली घातली. धावून आला! पळायला वेळच नव्हता. पुनारामनं दोन्ही हात तोंडाशी नेले आणि धारेच्या वेळची हाक घातली, "काजळीऽऽ! ये, ये, ये!"

काजळी गवतातून निघाली ती रेड्याला आडवी येऊन सरळ पुनारामकडे. रेडा फुरफुरत थांबला. तिच्यामागे एक पारडू लुटुलुटु आलं. तिनं पुनारामचं मनगट चाटलं आणि त्याला रडू आवरेना.

"दोर बांध!" छोटेलाल झाडावरून ओरडला. "गाँव के सारे जानवर ले आओ. पूरा कुरण अपना!"

"आन् गावातली बुळकांडी बी घेऊन या," सुकराम हळूच म्हणाला. "मांगच्या साली किती ढोरं मेली त्या रोगानं? डोहाच्या अंगाले आमी कुऱ्हाड बी नेत नाई. हे रानरेडे इथून गेले तं राहतीन कुठं?"

तीन दिवस खांद्यावर वाहिलेला दोर पुनारामनं चाचपला. मग कोयता काढला आणि घंटेची दोरी कापली.

"काऊन तोडली बा?" सुकरामनं विचारलं.

"आवाजावर शिकारी येतेत." त्यानं तिच्या पाठीवर थाप मारली. "जाय माय. पोराले सांभाळ."

ती गेली. गवत मिटलं. घंटा नव्हती, म्हणून ती कुठवर गेली तेही कळलं नाही.

"नाल्याच्या अलीकडचं आपलं, पलीकडचं त्यायचं," पुनारामनं गावात सांगितलं आणि ते पाळायला लावलं. दर उन्हाळ्यात तो गुरं नाल्यापर्यंत नेई. काठावर आलं की त्याचे हात आपोआप तोंडाशी जात. एक हाक घातली, तर ती येईल हे त्याला ठाऊक होतं. म्हणूनच तो हात खाली घेई आणि गुरं वळवी.